मागची खुर्ची

सोमवार, ४

आज कामाचा पहिला दिवस. काम काय, हे आईला सांगताना पंचाईत झाली. "लोक व्हिडिओ गेम खेळतात. मी त्यांच्या मागे बसते आणि त्यांना काय आवडलं, काय खटकलं ते टिपते." आई म्हणाली, "म्हणजे खेळणाऱ्याला पगार नाही आणि बघणाऱ्याला आहे?" बाबा वेल्डिंगच्या दुकानातून आले तेव्हा तिने त्यांनाही हेच ऐकवलं. बाबा म्हणाले, "मग माझ्याही मागे येऊन बस. काय काय खटकतं ते टिपायला एक वही पुरायची नाही."

कंपनी लहान आहे. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या. गेली काही वर्षं सगळे मिळून एकच खेळ बनवतायत. एक मुलगी हातात कंदील घेऊन जमिनीखाली उतरते, एवढीच गोष्ट. पंचवीस तारखेला खेळाची डिस्क कन्सोल बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे तपासणीला जायची आहे; कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळ चालवायचं यंत्र. तिथून होकार आला की बाजारात. डिस्क गेली की मला कायम करायचं का, ते ठरेल.

आमच्या प्रमुखांना सगळे कप्तान म्हणतात. त्यांनी पद्धत समजावली. खेळणाऱ्याशी बोलायचं नाही. मदत करायची नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. "वाईट असेल ते होताना टिपायचं, नाहीतर लोक विसरतात. चांगलं शेवटी विचारायचं. सगळं बरोबर चाललं असेल तर हात थांबलेला हवा." मग म्हणाले, "मी हा खेळ इतक्यांदा खेळलोय की मला आता त्यातलं काही दिसत नाही. तू लिहून देशील त्यावरच मी ठरवणार."

घरात पूर्ण शाळा शिकलेली मी पहिली. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद, सगळं मीच वाचायचे आणि मी वाचेन ते खरं धरलं जायचं. ताडून बघणारं कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची सवय लागली. इथेही तेच दिसतंय.

खेळायची खोली छोटी. सोफा, समोर टीव्ही, त्याखाली कन्सोल, खिडकीला काळा कागद. सोफ्यामागे एक खुर्ची. ती माझी. टिपायला टॅबलेट दिलाय. बोटं अडखळतात, निम्मं राहून जातं.

आज तिघे आले. तिघेही भुयारात हरवले. भुयार म्हणजे खेळाचा चौथा भाग. तिथे नकाशा नाही, बाण नाही, संगीतही नाही. नुसता काळोख आणि फाटे, आणि प्रत्येक वेळी फाटे बदलतात. योग्य वाट कुठली ते कंदिलाच्या ज्योतीवरून ओळखायचं. बाहेरून वारा येतो तिकडून ज्योत किंचित वाकते. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला माहीत असूनही दोनदाच दिसली.

टोपी घातलेला एक तरुण शेवटी म्हणाला, "बाकी खेळ झकास. उडी मारल्यावर पाय टेकतो ना, तो हाताला जाणवतो. कंट्रोलर अगदी योग्य तेवढाच थरथरतो. पण ते भुयार कोणी केलं? त्याला इथे बसवा आणि त्यालाच आत सोडा."

भुयार करणारा माणूस तेव्हा दाराबाहेरच उभा होता.

मंगळवार, ५

टॅबलेट परत केला. माझी वही आणि साधं बॉलपेन घेऊन बसले. कप्तान म्हणाले, "तुला जे सोयीचं ते."

आज एक निवृत्त नर्सबाई आल्या. नातवंडांकडून खेळायला शिकल्या म्हणे. बोलायला फटकळ. कान दुखतात म्हणून हेडफोनही लावले नाहीत. "पडद्यावरची अक्षरं एवढी बारीक का? सोफ्यावर बसून वाचायची की टीव्हीला नाक लावून?" "मेल्यावर इतक्या मागे का पाठवता? पुन्हा तीच विहीर, पुन्हा तोच दोर. शिक्षा आहे का?" मी भराभर लिहीत होते.

भुयारात मात्र त्या बऱ्या चालल्या. चुकीच्या फाट्यात शिरत, मी टिपायला घेई, आणि त्या लगेच मागे फिरत. शेवटी बाहेर पडल्याच. माझ्या माहितीत पहिल्याच. विचारलं, वाट कशी कळली? म्हणाल्या, "काय सांगू. आतून वाटलं."

भुयारवाले दारातून बघत होते. सहा फूट उंच माणूस, आणि सगळे त्यांना उंदीर म्हणतात, सारखी बिळं खणतात म्हणून. त्यांनाही ते आवडतं. माझ्याच्याने वयाने मोठ्या माणसाला उंदीर म्हणवत नाही. मी दादा म्हणते. ते मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण मी परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखी मागे बसते.

"आतून वाटलं," ते तेच दोन शब्द पुन्हा म्हणाले. "मला नेमकं हेच हवं होतं."

गुरुवार, ७

दादा फार चांगले आहेत. वही गुडघ्यावर धरून लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. आज त्यांनी लिहायला पातळ लाकडी बोर्ड आणला. पेनही नवं, टोकदार, कडक. "वहीची पानं फाडून एकेक बोर्डावर घे. आणि घोटून लिही मास्तरीणबाई. कप्तानला वाचता आलं पाहिजे."

आजवर माझ्या अक्षराची एवढी काळजी शाळेतही कोणी केली नव्हती.

खेळणाऱ्यांचे हेडफोनही त्यांनी काढून टाकले. म्हणाले, घरी लोक टीव्हीच्याच आवाजावर खेळतात, मग इथे वेगळं कशाला. पटलं.

आज चौघांपैकी तिघे भुयारातून बाहेर पडले.

सोमवार, ११

कप्तानांनी माझे कागद सगळ्यांसमोर वाचले. दोष बरेच: कॅमेरा भिंतीत घुसतो, म्हातारा पहारेकरी तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, बोटीचा भाग रेंगाळतो, एका खेळाडूच्या मते बोट "तिला घरी जायचंच नाही अशी" चालते. यावर बोट करणारी मुलगी रुसली. मी जेवणाच्या सुट्टीत तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू कशाला माफी मागतेस? तू थोडीच बोललीस?" खरं आहे. तरी लिहिलं मीच ना.

भुयाराबद्दल मात्र सगळं चांगलं. "भीती वाटते पण हरवल्यासारखं वाटत नाही." "कोणीतरी सोबत आहे असं वाटतं." हे मी दोनदा ताडून पाहिलं. शब्द त्यांचेच आहेत.

माझ्या आधी हे काम करणारे गृहस्थ टॅबलेटवर टिपत. त्यांच्या वेळी जवळजवळ सगळे भुयारात अडकायचे. कप्तानांनी भुयार कापून तिथे नुसतं बघायचं छोटं चलत्‌चित्र टाकायचं जवळपास ठरवलं होतं. दादांची सगळी मेहनत त्यात गेली असती. आज कप्तान म्हणाले, "मला वाटतं, आधीच्या माणसाला बघताच येत नव्हतं. भुयार राहील. मास्तरीण म्हणते चालतंय, तर चालतंय."

दादांनी खाली मान घालून बुटाची नाडी बांधली. ती आधीच बांधलेली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण "मास्तरीण म्हणते" हे शब्द दिवसभर मानेवर बसून राहिले.

रविवार, १७

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. आतापर्यंत चादरींच्या गाठोड्यांना रंगीत फिती असत. आता कागदाच्या पट्ट्या येणार, वॉर्डाचं नाव छापलेल्या. आईने मला कोणाला सांगू नको म्हटलंय, पण ती घाबरली आहे. म्हणून रोज संध्याकाळी मी तिला वाचायला शिकवते. मी शब्द लिहिते, ती बोट ठेवून वाचते. फार छान प्रगती. "प्रसूती" सुद्धा वाचलं.

आज मी अंघोळीला गेले असताना बाबांनी तिच्यापुढे तेच शब्द ठेवले. ती प्रत्येक शब्दाला अडली, एकही पुरा होईना. मी बाहेर आले तेव्हा बाबा हसत होते आणि ती चिडून कणीक तिंबत होती.

मी म्हटलं, "अगं, माझ्यासमोर तर सगळे आले."

"तू असतेस ना मग. मी चुकीचं म्हणायला लागले की तुझा श्वास अडकतो. मग मी दुसरं म्हणून बघते."

"म्हणजे तू वाचतच नव्हतीस?"

"वाचत होते की. तुला वाचत होते."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. एवढे दिवस मी रोज तिला शाबासकी देत होते. तिच्या लाँड्रीत मी थोडीच शेजारी उभी असणार आहे?

उद्यापासून श्वासावर लक्ष ठेवायचं.

मंगळवार, १९

वाईट दिवस. दादा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. कप्तान म्हणाले, तुझे कागद पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो, आजचा दिवस टॅबलेटवर घे. घेतलं. आता बोटं थोडी वळतात.

पाच जण आले. पाचही भुयारात अडकले. एक बाई रडकुंडीला आल्या. एकाने कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि "कंदील दिलाय कशाला, आरती ओवाळायला?" असं विचारून निघून गेला.

मला काही कळेना. तोच खेळ, तीच खोली, तीच खुर्ची. कदाचित आजचे लोक थकलेले असतील. कदाचित माझ्याच चेहऱ्यावर काही असेल, आईचं डोक्यात घोळत होतं. मागे बसते म्हणा, चेहरा दिसणार कसा?

कप्तानांनी टिपणं वाचली आणि नुसतं "हं" म्हणाले. डिस्क जायला आठवडाही उरलेला नाही.

बुधवार, २०

दादा सकाळी आल्या आल्या म्हणाले, "काल बोर्ड कुठे होता तुझा?" गाल सुजलेला, आवाज चढलेला. मी टॅबलेटचं सांगितलं. ते स्वतः जाऊन बोर्ड, कागद, पेन माझ्या खुर्चीवर मांडून आले. मग थोडं हसून म्हणाले, "तुझा हात बसलाय त्यावर. हात बदलला की नजरही बदलते."

खरंच असेल. आज चौघेही बाहेर पडले. कप्तान म्हणाले, कालचा दिवस धरायला नको, एखादा दिवस असतो तसा. मी हो म्हटलं.

हो म्हटलं, पण पटलं नाही. का, ते कळलं नाही. पाच माणसं खोटी कशी धरायची?

गुरुवार, २१

जिन्यात बसून लिहितेय. अक्षराकडे लक्ष देऊ नये.

सकाळी पहिल्या दिवशीचा टोपीवाला पुन्हा आला. कप्तानांनी मुद्दाम बोलावलं होतं. तेव्हा हरवलेला माणूस आता काय करतो ते बघायचं होतं. तो भुयारात शिरला. पहिला फाटा चुकला, मी टिपलं, तो फिरला. दुसरा फाटा बरोबर घेतला. माझा हात थांबलेला. तेवढ्यात लक्षात आलं की कागदावर तारीख घालायची राहिली आहे. तो योग्य वाटेने सरळ चालला होता आणि मी वर कोपऱ्यात तारीख लिहिली.

तो थांबला. वळला. योग्य वाट सोडून परत फाट्यावर आला.

मी पेन उचललं. तो चुकीच्या वाटेला लागला. माझं पेन वरच. तो चालत राहिला. भुयारात काही आवाज नाही, खोलीत काही आवाज नाही. मी बोर्डावर एक रेघ ओढली, नुसती रेघ. तो वळला.

मला वाटलं योगायोग असेल. म्हणून मुद्दाम करून बघितलं. तो बरोबर वाटेवर असताना पुन्हा रेघ ओढली. तो पुन्हा वळला. माझ्या पेनाला दोरी बांधून त्याच्या मानेला बांधल्यासारखं.

शेवटी विचारलं, वाट कशी कळत होती? तो म्हणाला, "कळत होती, मग मध्येच कळेनाशी झाली." त्याला काहीच माहीत नाही. कोणालाच माहीत नसणार. नर्सबाईंना, "कोणीतरी सोबत आहे" म्हणणाऱ्याला. चुकलं की मी लिहिते, लिहिलं की खरखर होते, खरखर झाली की ते वळतात. आईने माझा श्वास वाचला तसं यांनी माझं पेन वाचलं. भुयार कोणीच ओलांडलेलं नाही. मी ओलांडलंय, तेवढ्या सगळ्यांच्या हातांनी.

आणि मी लिहून दिलंय की चालतंय.

गुरुवार, दुपारनंतर

दादांना सांगितलं. आधी त्यांना सांगणं योग्य वाटलं, भुयार त्यांचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग थांब. सोमवारी डिस्क जाऊ दे."

"पण लोक घरी खेळतील तेव्हा मी मागे नसणार."

"घरी त्यांना घाई नसेल. अनोळखी कोणी मानेवर बसलेलं नसेल. ज्योत दिसेल त्यांना. दिसेलच."

"आणि नाही दिसली तर?"

ते खिडकीच्या काळ्या कागदाची सुटलेली कड बोटाने दाबत राहिले. "तुझं कायमचं पत्र टाइप झालंय. कप्तानच्या टेबलावर पाहिलं मी. सोमवारी सही. घरी सांगितलंस का?"

घरी सांगितलेलं नाही, पण बाबांनी दुकानात सांगून टाकलंय की पोरगी कायम होणार.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "रस्ता सांगायचा नाही, सापडू द्यायचा, एवढं एकच मला आयुष्यात करून बघायचं होतं. ते चलत्‌चित्र टाकलं तर उरेल काय?"

बिचारे फार घाबरलेत. मला त्यांच्याकडे बघवेना. एकच गोष्ट राहून राहून खटकते. मी सांगत असताना त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. कदाचित मोठा धक्का बसला की माणूस तसा होतो.

शुक्रवार, २२

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी बाबा निघताना म्हणाले, "चेहरा का उतरलाय?" मी विचारलं, "मी लहानपणी तुम्हाला एखादा कागद चुकीचा वाचून दाखवला असता तर?" ते जोडे घालता घालता म्हणाले, "तर आम्हाला कळलंच नसतं. म्हणून तर तुला विचारायचो."

ते सहज बोलून गेले. मी बसथांब्यापर्यंत तेच घोळवत गेले.

बैठकीत सगळे होते. मी उभी राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण उठले आणि मग बसवेना. म्हटलं, "भुयाराबद्दलची माझी नोंद धरू नका. ती चुकीची आहे. लोक माझ्या पेनाच्या खरखरीवर वळतात."

कप्तान हसले. "पेनाचा आवाज?"

"हो."

"मास्तरीण, तू झोपली होतीस का काल?"

कोणीतरी खुसखुसलं. मी उभीच राहिले. म्हटलं, "करून बघा. ज्याने खेळ पाहिलेला नाही असं कोणीही आणा."

कप्तानांनी खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना बोलावलं. त्या येताना पुसायचं फडकं हातातच घेऊन आल्या. खेळ येत नाही, येत नाही म्हणाल्या, पण चालणं आणि वळणं लगेच जमलं. त्यांना सरळ भुयारात सोडलं. मी मागच्या खुर्चीत, हात मांडीवर. बाकी सगळे भिंतीला लागून.

बाई हरवल्या. एका चक्रात फिरत राहिल्या. "मी इथे मघाशी आले होते ना? तोच दगड आहे हा." त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, इथे माणूस आत आला तर त्याने करायचं काय?"

कप्तानांनी मला खूण केली.

मी बोर्ड घेतला. बाई चुकीच्या वाटेला होत्या. मी लिहिलं. काय लिहिलं ते आता पाहिलं तर आईचे शब्द होते, प्रसूती, शस्त्रक्रिया, बालरोग. त्यांनी कंदील फिरवला आणि मागे वळल्या. बरोबर वाट लागली, मी थांबले. त्या चालल्या. चुकल्या, लिहिलं, वळल्या. असं करत त्या बाहेर उजेडात आल्या आणि खुशीत म्हणाल्या, "बघा, जमलं की. शेवटी शेवटी आपोआप कळायला लागलं."

कप्तानांनी त्यांचे आभार मानले. त्या गेल्यावर त्यांनी माझ्या मांडीवरच्या बोर्डाकडे बोट केलं.

"हा बोर्ड कुठला?" कप्तानांनी विचारलं.

"दादांनी दिला," मी म्हटलं. विचारलं ते सांगितलं, एवढंच.

"आणि पेन?"

"त्यांनीच."

"हेडफोन कधी काढले?"

"त्याच दिवशी. दादा म्हणाले की..."

आणि तिथे मी थांबले. माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. दादा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची उंची एकदम नकोशी झाल्यासारखे खांदे पाडून होते. ते कप्तानांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

नंतर जिन्यात गाठ पडली. मी म्हटलं, "मला वाटलं होतं, माझं अक्षर चांगलं यावं म्हणून दिलात."

ते एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "त्या नर्सबाईंच्या वेळी मला शंका आली. बोर्ड दिला त्या दिवशी खात्री झाली. त्यानंतर त्यावर विचार करणं सोडून दिलं. ते सोपं असतं, तुला वाटतं त्यापेक्षा."

मी बोर्ड त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला. लाकडावर माझ्या अक्षरांचे खळगे उमटले होते, एकावर एक.

सोमवार, २५

डिस्क गेली नाही. तारीख पुढे ढकलली. कप्तानांनी मला बोलावून सांगितलं, "तुझं पत्र थांबवलंय. तू चुकीचं केलंस म्हणून नाही. पण आता पैशाची ओढाताण होणार आहे, मी शब्द देऊ शकत नाही. भुयार दुरुस्त होईपर्यंत येत राहा." मग म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर मला कळलं नसतं." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला ठरवता आलं नाही.

मला बरं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी सांगताना बाबांच्या हातातला घास थांबला. मग म्हणाले, "दुकानात मीच बोलून बसलोय, मीच निस्तरतो." आईने विचारलं, "त्या उंच माणसाचं काय झालं?" तिला त्याचं पडलेलं.

त्या उंच माणसाला कप्तानांनी सोफ्यामागच्या माझ्या खुर्चीत बसवलं. हातात काही नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त बघायचं. मी बाहेर, दाराच्या काचेपलीकडे बसून टॅबलेटवर टिपत होते. एकामागून एक माणसं त्यांच्या भुयारात हरवत होती. दादांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा एकजण अगदी योग्य फाट्यापाशी येऊन चुकीकडे वळला तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यात रुतलेली मला काचेतून दिसली. सांगून टाकावंसं किती वाटतं, ते मला माहीत आहे.

शेवटी नर्सबाई आल्या. या वेळी त्याही हरवल्या. "मागच्या वेळी सोपं होतं. बिघडवलंत का?" फिरून फिरून त्या थांबल्या. कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा पुसला, टीव्हीकडे वाकल्या.

"ही ज्योत," त्या म्हणाल्या, "वाकते का हो?"

दादांनी तोंडावर हात ठेवला.

"वाकत असेल तर मोठी करा की. आम्हाला काय दुर्बिणीतून बघायचीय?"

दोष या रकान्यात लिहिलं: ज्योत लहान. चांगलं या रकान्यात लिहिलं: ज्योत. नर्सबाई गेल्यावरही दादा त्या खुर्चीतून लगेच उठले नाहीत.

रविवार, ३१

उद्यापासून लाँड्रीत कागदाच्या पट्ट्या सुरू.

आज आईला शब्द लिहून दिले आणि मी स्वयंपाकघरात गेले. दार लोटून घेतलं. तिने हाक मारली, "इथे बस ना." मी म्हटलं, "नाही." "अगं, नुसती बस. बोलू नकोस." "नाही, आई."

"शिकलेल्या लेकीचा हाच उपयोग," ती बाबांना म्हणाली. बाबांनी पेपर पुढे धरला होता. ते फोटो बघतात.

मी ओट्यापाशी उभी राहिले. ती "अ" म्हणाली, थांबली, "अप" म्हणाली. मग "अपंग" म्हणाली. शब्द "अपघात" होता. माझा श्वास अडकला, पण मध्ये दार होतं. नळ थोडा सोडला, पाण्याचा आवाज होऊ दिला.

"बरोबर का ग?"

मी उत्तर दिलं नाही. भांडं विसळलं. आधीच विसळलेलं होतं.

ती पुन्हा पहिल्यापासून लागली. बोट कागदावर घासत असणार, मला दिसत नव्हतं. फार वेळ काहीच ऐकू आलं नाही. दारापर्यंत दोन पावलं गेले आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

मग दारापलीकडून, चिडल्यासारखा तिचा आवाज आला, माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही: "घात. अप, घात."

कडीवरचा हात मी काढून घेतला.